मागच्या चाकांतली वाळू

मेकॅनिक मुख्तारने गाडीचं मागचं चाक धरणाऱ्या आर्मवर हातोडीचा आणखी एक घाव घातला आणि बेअरिंग एकदाचं सुटलं. बेअरिंग कसलं, गंजून झालेला तांबडा भुगाच! सगळा थाळीत सांडला.

“काका, जुन्या गाडीची मागची चाकं फेंगडी व्हायचीच,” तो म्हणाला. “पण ही वाळू बघा केवढी! गाडीला समुद्रात आंघोळ घालता की काय?”

“नवीन बसव आणि मोकळा हो,” मिलूद खेकसला. “नसत्या चौकशा नकोत.”

त्याची बायको खैरा बाकड्यावर बसली होती, मांडीवर खजूर भरलेल्या मकरूट मिठाईची परात घेऊन. भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते दोघं. वाटेत चाक घासायला लागलं म्हणून समुद्रकाठच्या मोस्तागानेम शहरातल्या या गॅरेजात थांबावं लागलं.

त्यांचा मुलगा सोफियान न सांगता होडीत बसून समुद्रापलीकडे स्पेनला गेला, तेव्हापासून घरात पोराचं नाव काढायची सोय नव्हती. दर शुक्रवारी खैराच्या मोबाइलवर त्याचा फोन यायचा. तो वाजायच्या आत मिलूद ताटातला कुसकुस तसाच टाकून किल्ल्या उचलायचा. “कॉफी पिऊन येतो.” गाडी कुरकुरत गल्लीबाहेर पडायची आणि खैराचा जीव जळायचा. पोटच्या पोराचा आवाजसुद्धा नको! दगड आहे नुसता. फोनवर ती सांगायची, बाबा आत्ताच बाहेर गेले रे. पोरगा पुढे काही विचारायचा नाही.

“पुढून गाडी ठणठणीत आहे,” मुख्तार हसला. “मागूनच समुद्र प्यायलीये. होडीवाल्यांच्या गाड्यांचं होतं असं. होडी पाण्यात सोडायला उतारावरून गाडी पार पाण्यात मागे घेतात ना! पण काका, तुमच्याकडे होडी कुठाय?”

मिलूद थाळीतल्या भुग्याकडे बघत राहिला.

“मागचं दार वर करून बसलं की समोर नुसतं पाणी दिसतं,” तो पुटपुटला. “आणि पलीकडे...”



खैराच्या आत्ता लक्षात आलं. होड्यांचा उतार. सोफियान तिथूनच गेला होता.

खैराला रडू फुटलं, आणि संतापही आला. इतके शुक्रवार हा माणूस तिथे एकटाच बसला! परातीवरचं फडकं सारून तिने एक मकरूट त्याच्या हातावर ठेवला.

“या शुक्रवारी मलाही न्या,” ती म्हणाली. “फोन मी घेऊन येते.”