पहिला नंबर

गुडघे कुरकुरायला लागले तसं पंचेचाळिशीत फिटरचं काम सोडून तो पुन्हा कॉलेजात जाऊन बसला. फी भरायची म्हणून बायको बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला डबल शिफ्ट करू लागली. जेवणं झाली की तो तिची सुजलेली मनगटं शेकायचा, आणि ती कामातल्या कटकटी सांगत बसायची. त्यावरूनच त्याने प्रोजेक्ट लिहिला, 'पॅकिंग कमी वेळात कसं होईल'. पहिला नंबर आला. सरांनी तर कौतुकाने तो तिच्या मालकांकडेच पाठवला.

कधी एकदा तिला सांगतो असं त्याला झालं होतं. ती आली ती मटकन खालीच बसली.


"मशीन आणतायत. आम्हा सगळ्याजणींना घरी बसवलं. कुणा विद्यार्थ्याने सुचवलंय म्हणे. मेल्याला आमची मनगटं सुजतात हेसुद्धा ठाऊक होतं!"