घुम्या हसायला शिकतो

घुम्या आरशात बघून हसला आणि खुर्चीत दाढीला बसलेले काका ताडकन सरळ झाले.

"काय रे? कोण गेलं का?"

"छे हो काका, सहज हसलो. मग, सध्या काय करताय?"

काकांनी टॉवेलने फेस पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी ते चालते झाले.

ही सगळी सरांची कृपा. कारखाना बंद पडून गाव बसलं, तेव्हा सर शहरातून आले होते. सरकारी योजनेतून पोरांना उद्योजक करायला. धंदा भांडवलावर नाही, व्यक्तिमत्त्वावर चालतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांचा पगार दुसरं कोणी देतं, त्यांना हे फार लवकर कळतं. घुम्याचं सलून मात्र व्यक्तिमत्त्वाशिवायच तुडुंब चालायचं. सरांची त्यामुळे भारी पंचाईत व्हायची.

"योजनेतून दुसरी खुर्ची हवी ना? मग हसायचं! गिऱ्हाइकाची चौकशी करायची!"

खुर्ची तर हवीच होती. तिच्यामागे धाकट्या भावाला उभा केला, तरच तो गावात टिकणार होता. नाहीतर त्याची बॅग भरलेलीच होती.

"हसायला काय पैसे पडतात का रे मुडद्या?" आई म्हणाली.

पडले. घुम्या अगदी मनापासून विचारायचा. पोराला लागली का नोकरी? कारखान्याचे पैसे मिळाले का? आठवड्याभरात सलून ओस पडलं आणि गावभर दाढ्या वाढल्या. सर म्हणाले, "हसण्यात जोर नाही तुझ्या."

मग एका दुपारी सरच आले. गळ्यातलं ओळखपत्र गायब, गालावर खुंट. खुर्चीत बसले. घुम्याने फेस लावला, शिकवल्याबरहुकूम दात काढले आणि विचारलं, "मग सर, सध्या काय करताय?"

सरांनी डोळे मिटले.

"योजना गुंडाळली रे. तू वस्तरा चालव. गप्प राहून."

आरशातला तो चेहरा घुम्याने ओळखला. थेट काकांचा. त्याने तोंड मिटलं, ते मिटलंच.

दारातून काकांनी कानोसा घेतला. आत नुसता वस्तऱ्याचा आवाज. ते आपली दोन मजली दाढी घेऊन बाकावर टेकले. त्यांच्यामागून आणखी तिघे. गर्दी बघून आईने घरातली लाकडी खुर्ची ओढत आणली आणि धाकट्याच्या हातात कात्री कोंबली.

सर अजून डोळे मिटूनच होते. काका हळूच म्हणाले, "बसा निवांत, सर. अख्ख्या गावात ही एकच जागा आहे, जिथं कोणी काही विचारत नाही."