अष्टमीची कुमारिका

"राही झाली का तयार? बाकीच्या कुमारिका पाटावर बसल्यासुद्धा!" शेजारच्या खैरेकाकूंनी दारातूनच हाक मारली. दर नवरात्रात अष्टमीला त्या राहीचे पाय दुधाने धुऊन तिची पूजा करायच्या.

"ताप आलाय तिला," वृषाली कशीबशी म्हणाली. पण मागे परकर-पोलकं घालून, गजरा माळून लेक पोट धरून उभीच होती. काय समजायचं ते काकू समजल्या. "अगं बाई, एवढीशी पोर!" म्हणत परत फिरल्या.

वृषाली दार लावून तिथेच बसली. तिसरीतली पोर, अजून दुधाचे दात पडायचेत, आणि पाळी आली! मघाशी राही बाथरूममधून रडत आली, "आई, मला कुठे लागलं गं?" तेव्हा घाबरून आपल्याच तोंडून निघून गेलं, "रडू नकोस, तू आता मोठी झालीस." कसली मोठी? मेली साधी वेणी घालता येत नाही तिला.

राहीने आतून बाहुली आणली. स्वतःचा गजरा काढून तिच्या केसांत खोचला आणि बाहुली आईच्या मांडीवर ठेवली.

"आई, माझ्याऐवजी हिला पाठव. ही अजून लहान आहे ना."