झाकण

उरणजवळच्या त्या कारखान्यात रक्ताच्या नमुन्यांसाठीच्या पातळ प्लॅस्टिक नळ्यांवर लेझरनं नंबर कोरतात. रोज पहिल्या नळीवर कामगारानं स्वतःचं नाव कोरून मशीन तपासायचं. ती नळी मात्र उघडीच ठेवायची.

आज मशीनवर बसलेल्या मैत्रीनं चुकून तिला झाकण लावलं.

नाव नीट उमटलं. मग त्या रिकाम्या नळीला आतून वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. मैत्रीनं श्वास रोखला. वाफ थांबली. श्वास सोडला, तशी पुन्हा धरली.

"विवेकदादा, ही नळी बघा ना."

"काय हाय? रिकामीच तर हाय," म्हणत सुपरवायझर विवेकदादांनी सवयीनं झाकण घट्ट पिळलं.

"उघडा" म्हणायला मैत्रीनं श्वास ओढला. छातीत काहीच आलं नाही. दादांच्या हातातल्या नळीचं पातळ प्लॅस्टिक तेवढं आत ओढलं गेलं.