अनारकानची सकाळची नोकरी

"विचारलं तर काय सांगायचं?" शेरमातने पुन्हा घोकून घेतलं.

"घरीच असते. कसलंही काम करत नाही."

"आणि हात शालीखाली ठेव. नखांत पीठ अडकलेलं असतं तुझ्या. अपंगत्व मंडळावरचे लोक आधी हातच बघतात."

अनारकानने मान हलवली. तिचा भाऊ शेरमात चहा पिऊन गावाकडे निघून गेला. सुनावणीला परवा सकाळी परत येणार होता. ती मात्र होती तिथेच बसून राहिली. डोक्यात नुसता गुंता झाला होता.

नारीन शहरात लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. मग नजरेच्या कडा काळ्या पडत गेल्या आणि आता मधे फक्त उजेड आणि सावल्या उरल्या होत्या. मंडळाकडून अपंगत्वाचा दुसरा गट मिळाला तर महिन्याला काही सोम भत्ता हातात पडणार होता. पण नियम काय, तेच तिला कळेना. शेजारीण म्हणायची, थोडं काम केलं तर चालतं. शेरमात म्हणायचा, एक दिवस जरी काम केलंस तरी अर्ज फेटाळतील. दवाखान्यातली नर्स म्हणाली, ते डॉक्टरवर असतं.

आणि अनारकान तर रोज कामाला जात होती.

कालिपाएजेची, म्हणजे कालिपाताईची, खाणावळ चार घरं टाकून होती; मोठ्या बाईला तिथे सगळेच एजे म्हणत. भिंतीला हात लावत गेलं की मागच्या अंगणाचं फाटक लागायचं. आत स्वयंपाकघर. तिथे बसून ती सकाळभर चुचपारा भरायची. मांसाचं सारण घातलेले ते छोटे कानवले डोळे मिटूनही वळता यायचे. पगार रोख मिळे. कागद नाही, सही नाही. पाचशेची नोट ती मधोमध दुमडायची, दोनशेची तिरकी, शंभराची सरळ ठेवायची. बिश्केकला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीचं, मीरगुलचं वसतिगृह, कोळसा, डोळ्यांचे थेंब, सगळं त्यातच भागवायचं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा रेडिओ नेहमीसारखा मोठ्याने लावलेला होता.

"ये, राणीसाहेब आल्या!" कालिपाएजे ओरडली. "काल एका ट्रकवाल्याने तुझा चुचपारा चमच्यात धरला आणि मला विचारतो, एजे, हे कान आहे की नाक?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, चाव, म्हणजे कळेल! हसतेस काय? नीट वळ. गिऱ्हाईक तुटलं तर तुझ्या पगारातून कापीन."

पण कापत कधीच नव्हती. मागच्या महिन्यात अनारकान आठवडाभर तापाने पडली होती, तरी पगार पुरता आला. उलट शंभराची एक नोट जास्तच. तिने परत करायला हात पुढे केला तर एजे म्हणाली, "मला हिशेब शिकवू नकोस," आणि भांडी आदळत निघून गेली. या बाईचं काय करावं, अनारकानला समजत नसे.

तिने सारणात बोटं घातली आणि हळूच विषय काढला. "एजे, उद्या मंडळापुढे जायचंय. तुम्ही कुणाला बोलू नका हं, मी इथे येते ते. मीही नाही सांगणार."

रेडिओ एकदम बंद झाला.

"का नाही सांगणार?"

"भत्ता जाईल म्हणून. आणि तुम्हालाही दंड होईल, कागदाशिवाय बाई ठेवली म्हणून."

"माझं मी बघीन. तू खरं ते सांग. माझं नाव घे, खाणावळीचं नाव घे."

"एजे, पण..."

"खोटं बोलता येतं का तुला? तोंड बघ आरशात." मग ती घुटमळली. "बरं, आरसा राहू दे. पण सांग. काही बिघडत नाही." तेवढ्यात पुढच्या दाराकडे तोंड करून ती ओरडली, "आले, आले! जरा दम धरा!" आणि पाय ओढत गेली.

अनारकान चक्रावून गेली. सगळं जग लपव म्हणतंय, आणि जिला दंड व्हायचा तीच सांग म्हणतेय. एजेला मी नकोशी झालेय का? भत्ताही नाही आणि कामही नाही, असं झालं तर मीरगुलला परत बोलवावं लागेल. त्या दिवशी तिचे दोन चुचपारा उकलले. एजेने पगारातून कापायची धमकीही दिली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सुनावणीच्या दिवशीही ती उजाडताच कामावर गेली. मग घरी येऊन हात घासून घासून धुतले. शेरमातने तिला हाताला धरून इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर नेलं. डोळ्यांवर दिवे मारून झाले, बोटं मोजायला लावून झाली. शेवटी मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एजे, सध्या कुठे काम करता?"

शेरमातने तिच्या पायावर पाय दिला.

"घरीच..." तिने सुरुवात केली. गाल तापले. "नाही. करते. कालिपाएजेच्या खाणावळीत. रोज सकाळी चुचपारा भरते."

शेरमातने कपाळावर हात मारल्याचा आवाज तिला ऐकू आला. डॉक्टरीणबाईंचं टायपिंग थांबलं.

"कुठल्या कालिपाएजे? जुन्या बसथांब्याजवळच्या?"

"हो."

"आजही भरलेत?"

"दोन पराती. खोटं नाही बोलत, बाई. काय कापायचं ते कापा. पण एजेला दंड करू नका."

खुर्ची सरकली. डॉक्टरीणबाई टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"म्हणजे रोज दुपारी कालिपाएजे आम्हा सगळ्यांना आणून देतात ते चुचपारा तुम्ही केलेले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एजे, ती खाणावळ गेल्या हिवाळ्यातच बंद पडली. कालिपाएजे आता इथे फरशी पुसतात."