उजवीकडचं बटण

"मामा, आलं का परत? उजवीकडचं दाबा."

"दाबला," विठू तांडेल म्हणाला, आणि त्याने डावीकडचं दाबलं.

फोनवरची चौकट नाहीशी झाली. कॉम्प्युटरवर फोनचं नाव तेवढं आलं, आत मात्र सगळं रिकामं. खांदा कॉलनीतल्या आपल्या घरी विठूचा भाचा कल्पेश अर्ध्या तासापासून टेबलाखाली शिरून बसला होता. माझ्यातली माहिती या कॉम्प्युटरला द्यायची का, असं तो फोन पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि एकदा हो म्हटल्यावर परत का विचारतोय, ते कल्पेशला कळत नव्हतं. त्याने केबल बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेजाऱ्यांकडून तिसरी केबल मागून आणली. बिचाऱ्या केबलींनी जन्मात एवढ्या शिव्या खाल्ल्या नसतील. मामावर संशय घ्यावा असं काही त्याच्या डोक्यात येणार नव्हतं. मामाचा मुलगा दर्यात होता.

प्रितेशची होडी परवाच करंज्याच्या धक्क्याला लागायला हवी होती. बरोबर गेलेल्या सगळ्या आल्या. प्रितेश आणि त्याचे खलाशी तेवढे आले नाहीत, वायरलेसही गप्प. सकाळी मच्छीमार सोसायटीचे अविनाश विठूच्या घरी येऊन गेले. शोधायला जायला लोक तयार आहेत म्हणाले, पण एवढ्या दर्यात बघायचं कुठे? जाळं कुठे टाकतो ते सांगा.

"मना नाय म्हायत," विठूने सांगून टाकलं.

तेव्हा सून कोमलने कपाटातून हा जुना फोन काढला. मासळीच्या जागा प्रितेश त्यात साठवून ठेवायचा. फोनवर त्या उघडेनात, म्हणून दोघं तो घेऊन कल्पेशकडे आली.

विठूला सगळं माहीत होतं. मासळीची जागा होडीचा तांडेल सख्ख्या भावाला सांगत नाही. पण गोष्ट तेवढ्यावरच असती, तर त्याने ती धक्क्यावर उभं राहून ओरडून सांगितली असती. प्रितेश दर्यातल्या तेलाच्या रिगला खेटून जाळं टाकायचा. मासळी उदंड तिथेच, आणि बंदीही तिथेच. कळलं तर होडी जप्त, लायसन रद्द, वर पोरगा आत. आणि इंजिनच बिघडलं असलं तर? कुणीतरी ओढून आणत असलं तर? संध्याकाळच्या भरतीला पोरगा धक्क्यावर उतरेल आणि विचारेल, आबा, एवढापन दम निघाला नाय तुमाला?

खरी भीती त्याच्याही खाली होती. उजवीकडचं दाबलं की शोध सुरू होणार. शोध सुरू झाला म्हणजे होडी हरवली. तो दाबत नव्हता, तोवर ती फक्त उशिरा येत होती.

चौकट परत आली. त्याने डावीकडचं दाबलं.

"दाबलंत?"

"दाबला रे."

"मग विचारतोय कशाला हा?" कल्पेश टेबलाखालून बाहेर आला. घामाने निथळत होता. "फोनचंच काहीतरी बिघडलंय. सगळं पुसून नव्याने चालू करून बघू का?"

"नको!" कोमल किंचाळली. सोफ्याच्या कडेला बसली होती, ती ताडकन उठून विठूच्या मागे येऊन उभी राहिली. कल्पेश दुसरी केबल घेऊन पुन्हा टेबलाखाली गेला.

चौकट आली. विठूचा अंगठा डावीकडे गेला.

तिने पाहिलं. तिने पाहिलंय हे त्याला न वळताच समजलं. आता ही बोंब मारणार, भाच्यासमोर आपली अब्रू जाणार. कोमलने बोंब मारली नाही. ती वाकली आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच बोलली.

"आबा, दर्यावर तुमचा डावा-उजवा कदी चुकला नाय."

विठूने मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्याएवढीच घाबरली होती ती. तरी उभी होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

चौकट पुन्हा आली, तेव्हा त्याने उजवीकडचं दाबलं.

"आलं!" कल्पेश धडपडत खुर्चीत बसला. "बघा, या केबलने चाललं!" त्याला कुणीच काही सांगितलं नाही. त्याने नकाशा उघडला, आणि निळ्या दर्यावर ठिपकेच ठिपके उमटले. त्याचा चेहरा उतरला. "मामा, या तर शे-दीडशे जागा आहेत. यातली कुठली?"

फोनने त्याच्याकडचं सगळं देऊन टाकलं होतं.

विठू उठला. टेबलाला धरून त्याने पडद्यावर एका जागी हात ठेवला.

"आदी हितं बगायला सांग."

कल्पेशने वाकून पाहिलं. "मामा, इथे बंदी आहे. शोध घ्या म्हणून जो मेल करायचा, तो सरकारी माणसांनाही जाणार. काय लिहू?"

"हाय तसा लिव. पोराला ही जागा मीच दाखवलेली."

कल्पेशने कीबोर्ड पुढे ओढला. "हात काढा मामा, आकडे दिसत नाहीत मला."

विठूला हात काढवेना. शेवटी तो हात कोमलने धरून बाजूला केला.