सातवी फीत

वाचकहो, अर्ध्यावर सोडलेल्या शिकारीने घेतलेल्या सुडाची हकिगत येथे नम्रपणे सादर करतो.

गतवर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या सरकारी रानात व्हर्लिनने एका काळविटाएवढ्या नर हरणाला जखमी केले. माग चुकू नये म्हणून रिवाजाप्रमाणे रक्ताच्या खुणांपाशी त्याने झाडांना तीन नारिंगी फिती बांधल्या. मग थंडीला कंटाळून माग सोडला.

यंदा हंगामापूर्वी तो मेव्हणा ऑर्विल याच्यासह रान पाहावयास आला.

“दाजी, तीनच बांधल्या म्हणालात ना? ही चौथी! चुलीपाशी बसून मोजलंत वाटतं?”

“मी नाही बांधली.”

पाचवीखाली रक्त ओले होते. दोघे घाईने परतले, तर सहावी त्यांच्याच गाडीच्या दाराला होती.

ऑर्विलचे हसू मावळले. “दाजी, हलू नका. सातवी तुमच्या पाठीवर आहे.”

व्हर्लिनला तेथे ऊन ओल जाणवली.

वाचकांचा ऋणी,
दिगंबर सावळकर